हॉल गावाच्या मापाचा हवा: खानदेशातल्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, सर्व सदस्य आणि ग्रामसभा
(धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतल्या ज्या गावांनी विकास आराखड्यात सभामंडप, समाजमंदिर, बहुउद्देशीय सभागृह किंवा सांस्कृतिक भवन अशी एखादी ओळ लिहिली आहे, ती सर्व गावे)

विषय: हॉल मागताना लेखाशीर्षाऐवजी गावात वर्षभर काय चालतं ते समोर ठेवण्याबाबत.

स. न. वि. वि.

आराखड्यातली ती ओळ खोडा, असं आमचं म्हणणं नाही. गावाला बसायला जागा हवीच. पण 'सभामंडप बांधणे, १ नग' एवढंच लिहून प्रस्ताव पाठवू नका, यासाठी हे पत्र. वरची चारही नावं कागदावर वेगळी असली तरी जागेवर बहुतेक वेळा एकच वस्तू उभी राहते: आठ खांब, वर पत्रा, एका टोकाला सिमेंटचा ओटा, पुढे लोखंडी शटर आणि दर्शनी भागावर निधी देणाऱ्याचं नाव. नाव ठरतं ते पैसा कुठून येतो त्यावर. ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षातून (खर्चाच्या सरकारी सदरातून) आला की सभामंडप, अनुसूचित जाती वस्तीच्या योजनेतून आला की समाजमंदिर, खासदार निधीतून आला की कम्युनिटी हॉल. ठक्कर बाप्पा योजनेतून आदिवासी वस्तीत तसलाच हॉल वेगळ्या पाटीसह येतो. मापही तिथेच ठरतं. मंजूर रकमेला दर चौरस मीटरच्या खर्चाने भागायचं आणि येईल तेवढा हॉल काढायचा. गावाची पंगत किती पानांची, सप्ताहात टाळकरी कसे उभे राहतात, डफावर पथकाने म्हणायच्या इथल्या वही गायनाचा डफ कुठे तापवतात, याला त्या भागाकारात जागा नाही.

खानदेशात माणसं जमायच्या जागा आधी कशा होत्या, ते बघणं इथे कामाचं आहे. जुनं सगळं सोनं होतं, असं मात्र समजू नका. चावडी गावात असली तरी ती सरकारची होती. तिथे सारा वसूल व्हायचा, पंचनामे व्हायचे, आणि ओट्यावर कोण बसणार, पायरीवर कोण आणि उन्हात उभं कोण राहणार, हे जातीवरून ठरायचं. मुलकी पाटीलकी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने गेली, तेव्हा चावडीचा रुबाब उतरला आणि बऱ्याच ठिकाणी ती तलाठ्याच्या दप्तराची खोली झाली. धर्मशाळा वाटसरूंसाठी, कोणा दानशूराने बांधलेली. मारुतीचा पार सगळ्यांत मोकळा, पण पाऊस आला की उठावं लागे. विठ्ठल मंदिराचा मंडप भजन-कीर्तनाचा, आणि तोही सगळ्यांना खुला नव्हता. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले आणि मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा त्याच वर्षी झाला. 'देवळाचा मंडप म्हणजे गावाचा हॉल' हे वाक्य कायद्याने खरं झालं ते तेव्हा. समाजमंदिर वेगळ्या वस्तीत का उभं राहिलं, याचं उत्तर यातच आहे. 'एका गावाला दोन हॉल कशाला?' असं ग्रामसभेत विचारण्याआधी ते आठवावं.

जाता जाता: खानदेशातलं सगळ्यांत गाजलेलं सभास्थान ना दगडाचं होतं, ना सिमेंटचं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबू आणि जवळपास मिळणारं सामान वापरून तो सगळा परिसर सजवला. काम झालं, मांडव उतरला. प्रत्येक गरजेला पक्कं बांधकाम लागतंच असं नाही, हे खानदेशाने तेव्हाच पाहिलं आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि लोकवर्गणी, श्रमदान हे शब्द गावोगाव पोचले. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १ मे १९६२ ला आलेल्या जिल्हा परिषदा यांच्यामुळे ग्रामपंचायतीला स्वतःची खोली मिळू लागली. त्या खोलीत रेडिओ, एक कपाट आणि पाच-पंचवीस खुर्च्या. जळगावचं आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झालं. पुढे गावात वाचनालय निघालं तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्याला अनुदान मिळू लागलं, आणि तेही याच खोलीत बसलं. डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधी आला, त्याच्या आगेमागे इतर निधी आले, आणि हॉल ही मागून आणायची वस्तू झाली. पूर्वी वर्गणी जमवताना निदान 'किती खणाचा बांधायचा?' यावर पारावर वाद व्हायचा. आता अंदाजपत्रक तयारच येतं.

तो खणाचा वाद समजून घ्या. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, इमारतीत दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचन (बारीक लाकडी पट्ट्या), त्यावर पाला किंवा पळाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) थर आणि वर वीत-दीड वीत पांढरी माती. पाणी पन्हाळीकडे जाईल इतकाच उतार. लांब लाकूड मिळत नाही म्हणून खांब जवळजवळ येतात, मधोमध माणूस बसला की समोर खांब, ही या बांधणीची खोड. पण वैशाखात आत गारवा राहतो आणि आवाज घुमत नाही, कारण माती, लाकूड आणि शेणाने सारवलेली जमीन आवाज गिळतात. धाबं गळायचं मुख्य कारण एकच: पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकून ती दाबायचं काम दोन-तीन वर्षं चुकलं की जुन्या मातीला भेगा पडतात, पाणी किलचनपर्यंत जातं, तिथे आधी कूज आणि मागून वाळवी. खांब सहसा चांगलेच असतात. म्हणून जुनी चावडी किंवा धर्मशाळा 'मोडकळीस आली' असा शेरा मारण्याआधी कड्यांची भिंतीत गेलेली टोकं तपासा. वाकसाचा कोपरा किंवा जाड दाभण घेऊन टोकाला टोचा. इंचभर आत गेलं तर ती कडी बदलायची आहे. नाही गेलं तर इमारत उभी राहू शकते.

हे सांगायचं कारण निर्लेखन, म्हणजे इमारत निकामी ठरवून नोंदीतून काढणं. नवीन हॉलसाठी मोकळी जागा मिळत नाही म्हणून जुनी इमारत निर्लेखित करायचा प्रस्ताव जातो, लिलाव होतो, आणि सागाचे खांब, कोरलेले हस्त (खांबावर तुळई पेलणारे आधार), घडीव दगड सरपणाच्या हिशेबाने निघून जातात. पाडायचंच असेल तर आधी टेप लावून प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि दोन्ही कर्ण घ्या (कर्ण घेतल्याशिवाय नकाशा काटकोनात बसत नाही), चारही बाजूंचे फोटो काढा, चौकटीवर किंवा पायरीवर दात्याचं नाव कोरलेलं असेल तर ती शिळा नवीन जोत्यात बसवायची अट ठरावातच घाला. जुन्या कागदांसाठी ग्रामपंचायतीची इतिवृत्ताची पुस्तकं उघडा. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांतूनही हॉल कधी, कोणाच्या वर्गणीतून झाला हे सापडतं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्था असे कागद कसे जपायचे, हे सांगू शकतात.

आता नवीन बांधकामाकडे. सुरुवात जमिनीपासून, कारण खानदेशात हॉल आधी खालून फाटतो. तापीकाठी, रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात काळ्या मातीचा आणि गाळाचा थर खोल आहे. साक्री-नंदुरबारकडे कित्येक ठिकाणी चार-पाच फुटांवर मुरूम किंवा काळा खडक लागतो. दोन्हीकडे एकच पाया चालत नाही, पण अंदाजपत्रकात तो एकच असतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि ही उलथापालथ वरच्या चार-सहा फुटांत सगळ्यांत जास्त असते. तेवढ्यात पाया थांबवला तर पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. गवंडी ती सिमेंटने भरतो, पुढच्या वर्षी ती शेजारून निघते. इलाज तीन: खोदून मुरमापर्यंत जायचं, थर फार खोल असेल तर काळी माती काढून मुरूम थराथराने पाणी मारून दाबायचा, किंवा साडेतीन मीटरच्या आसपास खोल, तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे. पाइल घेतले तर जोत्याच्या बीमखाली तीन इंच पोकळी सोडायला विसरू नका, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते. आणि पाया कोणताही असो, भिंतीभोवती एक मीटर रुंद, बाहेर उताराचा काँक्रीटचा पट्टा हवा आणि छताचं पाणी पाइपने लांब सोडायला हवं. या पट्ट्याचे पैसे 'नंतर बघू' म्हणून कापले जातात, आणि भेगा पडतात त्या नेमक्या त्यामुळे.

छप्पर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या पुढे जातो, तेव्हा उघड्या पत्र्याचं तापमान साठ अंशांच्या वर असतं. म्हणून लोक म्हणतात, पत्रा नको, स्लॅब घाला. थोडं थांबा. गावातले कार्यक्रम रात्रीचे. पत्रा सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात निवतो. स्लॅब मात्र दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन रात्री दहा-अकरापर्यंत खाली सोडत बसतो, म्हणजे ऐन कार्यक्रमात. स्लॅब घ्यायचाच तर वर कोबा आणि पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर, निदान दर चैत्रात चुन्याचा पांढरा हात. पत्रा घेतला तर त्याखाली दोन इंचांचा काचलोकरीचा किंवा रॉकवूलचा थर, आणि त्याची खालची बाजू छिद्रांच्या पत्र्याने झाकलेली. हा एक खर्च तीन कामं करतो: ऊन अडवतो, पावसाचा ताशा बंद करतो (श्रावणातल्या सरीत उघड्या पत्र्याखाली कीर्तनकाराचा एक शब्द ऐकू येत नाही) आणि आवाज घुमू देत नाही. गोल फिरणारे पंखे छतावर बसवतात, ते खाली हवा आत यायला जाळ्या असतील तरच काही ओढतात. शटर बंद आणि खिडक्या वर, अशा हॉलमध्ये ते नुसतेच शोभेचे.

लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतींवर पडेल. वळवाच्या वादळात केळीच्या बागा झोपतात तशी पत्र्यांची कडही उचलली जाते. कडेच्या दोन ओळींना मधल्यापेक्षा दुप्पट हुक, पत्र्यावर पत्रा किमान सहा इंच, आणि पाखं भिंतीबाहेर दोन फुटांपेक्षा जास्त नको.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तक्रार तिथलीच सगळ्यांत जास्त आणि उत्तर सगळ्यांत कमी ठिकाणी दिलं जातं. 'आवाज घुमस रे भो' म्हणून साउंडवाल्याला दोष देतात. तो बिचारा आवाज वाढवतो, आणि मग शिट्टीही सुरू होते. हिशेब करून बघा. ६० फूट लांब, ३० फूट रुंद, १४ फूट उंच हॉल, म्हणजे साधारण १८ × ९ × ४.२ मीटर. आतली जागा ६८० घनमीटर. आवाज विरायला किती सेकंद लागतील याचं सॅबिनचं सूत्र सोपं आहे: घनमीटर गुणिले ०.१६१, भागिले आवाज गिळणारं क्षेत्र. टाइल, गुळगुळीत गिलावा, पत्रा यांचा साडेपाचशे चौरस मीटर पृष्ठभाग मिळून जेमतेम १४ चौरस मीटर इतकंच गिळतो. उत्तर सात सेकंदांच्या पुढे जातं. १५ चौरस मीटर खिडक्या उघडल्या तर पावणेचार. त्यात ५० माणसं बसली तर दोनच्या थोडं वर. २०० बसली तर एकाच्या आत. बोलणं स्पष्ट कळायला एक सेकंदाच्या आसपास हवं.

म्हणून उद्घाटनाच्या दिवशी हॉल छान वाटतो: दोनशे माणसं असतात, प्रत्येकाच्या अंगावर कपडे आहेत, ती माणसंच आवाज गिळतात. पुढे ग्रामसभेला पन्नास येतात आणि मागच्या ओळीला अंदाजपत्रकातलं काही कळत नाही. (गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ती किती वेळा भरते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा बरं ठाऊक.) हॉल दोनशेसाठी नाही, पन्नाससाठी ऐकू येण्याजोगा करायचा आहे. वर सांगितलेला छताखालचा थर घातला तर काम तिथेच भागतं. स्लॅब असेल तर मागची भिंत आणि छताचा काही भाग मिळून साठेक चौरस मीटरवर लाकडाच्या बारीक तंतूंचे बोर्ड, भिंतीपासून दोन इंच सोडून पट्ट्यांवर ठोका. पन्नास माणसांत वेळ सव्वा सेकंदावर येतो. थर्माकोलचं छत आणि अंड्याचे ट्रे यांनी काही होत नाही. दोन्ही आवाज गिळत नाहीत, ठिणगी मात्र लगेच धरतात. आणि माइक कर्ण्यांच्या मागे, कर्णे माइकच्या पुढे. ही साधी गोष्टही सिमेंटच्या ओट्याच्या कोपऱ्यात कर्णे कायमचे ठोकून ठेवल्यामुळे जमत नाही.

ओटा म्हणजे स्टेज. चार फूट उंच सिमेंटचा ओटा भाषणाला चालतो, बाकी कशालाच नाही. सप्ताहात कीर्तनकार मधोमध, मागे-बाजूला टाळकऱ्यांच्या दोन ओळी, मृदंग, पेटी, आणि लोक तीन बाजूंना जमिनीवर. त्याला फूटभर उंची पुरते आणि जागा हॉलच्या मध्याकडे हवी. वही गायनात पथक उभं राहून गातं, समोर जाब देणारं दुसरं पथक असलं तर त्यालाही जागा हवी. नाटकाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला अडीच फूट, कारण जमिनीवर बसलेल्या माणसाचा डोळा साधारण अडीच फुटांवर असतो. त्याहून उंच गेलं की पहिल्या पाच ओळींना नटाचे पाय दिसत नाहीत आणि माना दुखतात. म्हणून पक्क्या ओट्याऐवजी चौक्या करा: ६ × ४ फुटांच्या, फूटभर उंच, ४० मिमी चौकोनी पाइपची चौकट आणि वर १९ मिमी पाणीरोधक प्लाय. सहा चौक्यांत १२ × १२ फुटांची बैठक होते, बारांत २४ × १२ चा रंगमंच, खाली दीड फुटाचे घडीचे स्टँड लावले की अडीच फूट उंची. काम झालं की भिंतीला एकावर एक, आणि पंगतीला अख्खी जमीन मोकळी. गावातला वेल्डर आणि सुतार हे काम करू शकतात. चौक्या एकमेकींना बोल्टने आवळायला विसरू नका, नाचताना फट पडली की पाय अडकतो.

डफाचं कातडं सर्द हवेत सैल पडतं, जाळावर धरल्याशिवाय बोलत नाही. टाइलवर जाळ करता येत नाही, म्हणून पथकं हॉलच्या पायरीवर कागद पेटवतात आणि मग 'हॉल काळा केला' म्हणून भांडण. दाराबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, तीन फूट चौकोनी दगडी फरशीचा कोनाडा ठेवा. खर्च नगण्य.

रंगपटाची खोली हवी, तिला आतून कडी आणि स्वतःचं स्वच्छतागृह हवं. तिथे पाणी येत नसेल तर ती खोली वर्षभरात खुर्च्यांचं गोदाम होते, आणि कपडे बदलायला बायकांना शेजारच्या घरी जावं लागतं. अपंगांसाठी उतार १ फुटाला १२ फूट. जोतं दोन फूट असेल तर २४ फूट लांबी लागते. आठ फुटांत दोन फूट चढवलेला उतार हा उतार नाही, घसरगुंडी आहे.

काही गोष्टी हॉलमध्ये आणायच्याच नाहीत. तमाशाचा फड स्वतःचा तंबू आणतो, त्याला मैदान लागतं. भोवाड्याची सोंगं मुखवटे घालून मशालींच्या उजेडात मोकळ्यावर नाचतात. सातपुड्याकडची रोडाली आणि सोंगाड्या पार्टीही अंगणातली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके बांधायचे ते झाडाला. कानबाई देवी घरात बसते आणि मिरवत बाहेर जाते. म्हणून हॉल जागेच्या मधोमध बांधून चारी बाजूंना दहा-दहा फुटांच्या निरुपयोगी पट्ट्या सोडण्यापेक्षा तो एका कडेला सरकवा, मैदान सलग ठेवा, आणि कडुनिंब तोडू नका. झाड काळ्या मातीतल्या पायाच्या फार जवळ असलं तर मुळं तिथली ओल ओढतात आणि जमीन दबते. त्यावर उपाय हॉल हलवणं, झाड नव्हे.

पंगत. एका पानाला रांगेत दोन फूट, आणि बसायला, ताटाला, वाढप्याला मिळून रांगेमागे पाच फूट. म्हणजे माणशी दहा चौरस फूट. १८०० फुटांच्या हॉलमध्ये येण्या-जाण्याची वाट सोडून दीडशे पानं. सहाशेचं लग्न असेल तर चार पंगती. स्वयंपाक आत नको. वरण-बट्टीच्या कढया, हिवाळ्यात भरताची वांगी भाजायच्या पळाट्या, हे धुराचं काम. १५ × २० फुटांची, तीन बाजूंनी उघडी शेड, उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो म्हणून हॉलच्या पूर्वेला. खाली शहाबादी फरशी, नळ, आणि सांडपाण्याच्या वाटेवर तेल अडवायची दोन फूट चौकोनी कुंडी. ती नसली तर तेलकट पाण्याने शोषखड्डा एका लग्नसराईत बुजतो आणि पाणी रस्त्यावर येतं.

विजेबद्दल थोडक्यात. दहा किलोवॉटची थ्री फेज मागणी सुरुवातीलाच करा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा, कूलरच्या सॉकेटला ४ चौरस मिमी तार. अर्थिंगचा खड्डा कागदावर नको, जमिनीत हवा. मीटर येण्याआधी पूर्णत्वाचा दाखला देऊ नका. ठेकेदाराचा दोषदायित्वाचा (दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा) काळ मोजायला लागतो आणि पंखे कधी फिरलेलेच नसतात.

कागद. हॉल कोणाच्या जमिनीवर आहे, हे आधी नक्की करा: ग्रामपंचायतीच्या, सरकारी गावठाणातल्या की देवस्थानाच्या. गावठाणाचं स्वामित्व योजनेतलं मोजमाप झालं असेल तर मिळकत पत्रिका काढून प्रस्तावाला जोडा. खासदार निधी धार्मिक स्थळाच्या कामाला चालत नाही. आणि नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या आवारात बांधलेल्या मंडपाचं भाडं ग्रामपंचायतीने घ्यायचं की विश्वस्तांनी, हा वाद बांधून झाल्यावर सुटत नाही. बांधून झालेला हॉल स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत त्याच महिन्यात चढवा.

देखभालीला बांधकाम खर्चाच्या दरवर्षी एक ते दोन टक्के धरा. २५ लाखांच्या हॉलला २५ ते ५० हजार. हे पैसे कोणत्याही लेखाशीर्षातून येणार नाहीत. ते लग्नाच्या भाड्यातून यायचे आहेत, म्हणून भाड्याचं पावती पुस्तक आणि खातं वेगळं, अनामत वेगळी, आणि दर ग्रामसभेत ठरवून फलकावर. भजन, वही गायन, ग्रामसभा, महिला बचत गटांच्या बैठका, वाचनालय यांना भाडं नको. पण किल्ली कोणाकडे, हे लिहून ठेवा. किल्ली एकाच घरात राहिली तर हॉल हळूहळू त्या घराचा होतो: पहिल्या वर्षी कपाशीची गंजी, दुसऱ्या वर्षी खताच्या गोण्या. एक किल्ली कार्यालयात, एक बचत गटाकडे, आणि दाराशी वही: तारीख, कार्यक्रम, सुरू-बंद वेळ, काय मोडलं.

शेवटची विनंती अंदाजपत्रकाच्या आधीची, आणि तिला पैसे लागत नाहीत. जागा ठरली की शाखा अभियंत्यांना बोलावून चुन्याची फक्की मारून प्रस्तावित हॉल जमिनीवर पूर्ण मापात आखा: भिंती, दारं, बैठक, रंगपट, उतार, स्वयंपाकाची शेड. एका संध्याकाळी गावाला त्या रेघांच्या आत बसवा. पंगतीच्या दोन रांगा धरून वाढप्याला मधून चालायला सांगा. टाळकरी उभे करा, वही गायनाच्या पथकाला एक वही म्हणू द्या, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला उतारावरून वळून दारात यायला सांगा, ट्रॅक्टर-ट्रॉली वळवून बघा. जिथे अडेल तिथली रेघ पुसून दुसरी ओढा. मग त्या रेघांची मापं ठरावात लिहा, आणि तो ठराव प्रस्तावासोबत जोडून तांत्रिक मान्यतेला पाठवा.

आपले,
खानदेशातले काही गवंडी, सुतार, मांडववाले, साउंडवाले, वहीगायक आणि बांधकाम खात्यातले निवृत्त कर्मचारी